मीटरभर चौकट

६ फेब्रुवारी

जावईबापू,

सुरुवात कशी करावी यात दोन कागद वाया गेले. ‘प्रिय’ लिहावं तर तुम्हाला हसू येईल, ‘सप्रेम नमस्कार’ लिहावा तर मला. म्हणून नात्यानंच हाक मारतेय. आमची धाकटी गेली म्हणून तुम्ही काही जावईपणातून सुटला नाहीत. पत्र तुमच्या ऑफिसच्या पत्त्यावर टाकतेय, कारण घरचा पत्ता तुम्ही कळवलेला नाही. फोन नंबर आहे माझ्याकडे, पण फोनवर तुम्ही ‘हं’ आणि ‘बरं’ या दोन शब्दांत माणसाला वाटेला लावता. पत्राला मध्येच ‘बरं’ म्हणता येत नाही, एवढा तरी फायदा.

काल शिष्यवृत्तीच्या मुलाखती झाल्या. निसर्गसंवर्धन शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याला दर वर्षी धाकटीच्या नावानं मदत करायची आणि त्यानं तिच्या माळावर, तिथल्या मूळच्या गवतावर, पाखरांवर, किड्यामुंग्यांवर काम करायचं, हे आपण दोघांनीच ठरवलं होतं. आठवत असेल. तुम्ही पहिल्या वर्षानंतर गाव सोडलंत. मला फ्रेमचं दुकान सोडून कुठं जाता येत नाही, म्हणून मी राहिले.

समितीत आम्ही तिघं. धाकटीला शिकवलेल्या प्राध्यापकबाई, ज्या कानातलं यंत्र सोयीप्रमाणे चालू-बंद करतात. वनखात्यातून निवृत्त झालेले साहेब, ज्यांची खुर्ची सुटली पण साहेबी सुटली नाही. आणि मी. मला गवतातलं ओ की ठो कळत नाही. मी प्रमाणपत्राची फ्रेम करते आणि मुलाखतीत एकच प्रश्न विचारते: माळावर पहिल्या दिवशी काय करणार? आजवर सगळ्यांनी सांगितलं, पाहणी करू, नोंदी करू, आराखडा करू. मी मान हलवते आणि बिस्किटांची बशी पुढं सरकवते.

या वेळी एक मुलगी आली. लांबच लांब हातपाय, खुर्चीत बसली तरी आता उडी मारेल अशी. अभ्यास नाकतोड्यांचा. मी मनातल्या मनात तिचं नावच नाकतोडा ठेवलं. तिला विचारलं, पहिल्या दिवशी काय करणार? म्हणाली, “झाडं काढायला माणसं शोधीन.”

साहेबांचा चहा कपातून बशीत आला. बाईंनी विचारलं, “कुठली झाडं?” म्हणजे यंत्र चालू होतं.

“माळाच्या मधोमध ओळीनं लावलीत ना, पाट्या वगैरे आहेत, ती. कुणाच्या तरी आठवणीत लावलेली दिसतात. मी पाट्या वाचल्या नाहीत, नाकतोडे मोजत होते. पण मॅडम, उन्हातलं गवत त्या सावलीत मरतं. कावळे फांदीवर बसून जमिनीवरची अंडी हेरतात, त्यांना एकच झाडही पुरतं. चंडोल तर झाड दिसलं की आसपास घरटंच करत नाही. तो माळ मोकळा आहे म्हणून माळ आहे. तिथं काही कमी नव्हतं की कुणी भरायला जावं.”

पाट्यांच्या काचा मी कापलेल्या. खड्ड्यांची आखणी साहेबांनी केलेली. झारी बाईंच्या हातात होती. जन्मभर मोकळ्या माळासाठी भांडलेल्या माणसाच्या आठवणीला आपण लावली काय, तर झाडं. आणि लावणारे कोण, तर गवताच्या प्राध्यापक, वनखात्याचे साहेब आणि तिचा सख्खा नवरा. त्या दिवशी कुणालाच कसं सुचलं नाही, हे मला अजून कळत नाही. माणूस गेलं की काहीतरी खणावंसं वाटतं, एवढंच खरं.

मुलीला बाहेर बसवून मत घेतलं. तिघांचे हात वर. माझा सगळ्यात आधी. का ते विचारू नका, धाकटी तिच्या जागी असती तर हेच बोलली असती आणि वर आम्हाला मूर्ख म्हणाली असती.

आता घोडं कुठं पेंड खातंय ते सांगते. बाकीची झाडं आत्याची, मामांची, तिच्या मैत्रिणींची. मधलं तुमचं. आणि त्याच्या मुळाशी स्टीलचा डबा आहे, धाकटीच्या राखेचा. तुम्हीच पुरलात. आधी आम्ही तो हातोहात फिरवला होता. माझ्या हातात आला तेव्हा केवढा जड लागला होता, ते मला अजून आठवतं.

मी परवानगी मागत नाहीये. कळवतेय.

थोरली मेहुणी

२७ फेब्रुवारी

जावईबापू,

तुमचं कार्ड मिळालं. दोन ओळी लिहिल्यात, म्हणजे तुमच्या मानानं कादंबरीच झाली. ‘बाकीची काढा. माझं हवं तर वरून कापा, पण खणू नका.’ ना वर काही, ना खाली काही. मी कशी आहे, दुकान कसं चाललंय, चकार शब्द नाही. मी बरी आहे. दुकान चालतंय. लोक मरतात तोवर फोटोंना फ्रेमा लागणारच.

तुमचं म्हणणं मी नाकतोड्याला सांगितलं. म्हटलं, एक झाड वरून कापता येईल का. म्हणाली, “काकू, हे झाड वरून कापलं की दुपटीनं फुटतं. मुळासकट काढलं नाही तर पुढच्या वर्षी एकाच्या जागी झुडूप होईल.” कुणाचं झाड, खाली काय आहे, हे तिला तेव्हा सांगितलं नाही. आम्ही तिघंही मूग गिळून बसलोय.

बाकीच्यांची परवानगी काढण्यात माझे चार दिवस गेले. मामा म्हणाले, “माझं तर दुसऱ्याच वर्षी वाळलं. मेलेल्याला काय विचारतेस?” आत्या आधी रडली, मग म्हणाली, झाड न्या पण माझ्या नावाची पाटी मला आणून दे, चांगली काच आहे. तिच्या मैत्रिणी सगळ्या गवताचाच अभ्यास करणाऱ्या. त्यांतली एक फोनवर हळूच म्हणाली, “ताई, ती झाडं नकोत असं मला दर वर्षी वाटायचं. पण तुमच्याकडे बघून बोलायचा धीर व्हायचा नाही.” माझ्याकडे बघून. मी काय वाघ आहे का?

गेल्या रविवारी मुलीबरोबर माळावर गेले. ती चौकट घेऊन काम करते, धाकटी करायची तशीच. मीटरभर लांब, मीटरभर रुंद, नुसत्या चार पट्ट्या. पाठ फिरवून डोक्यावरून मागं फेकायची, जिथं पडेल तिथं गुडघे टेकायचे आणि आत काय काय आहे ते मोजायचं. बघून टाकली तर माणूस चांगलीच जागा निवडतो, म्हणून पाठ फिरवायची. मुलीची चौकट प्लास्टिकच्या नळीची होती, एका कोपऱ्यात दोऱ्यानं बांधलेली. मला तो कोपरा बघवेना. दुकानात धाकटीची जुनी होती, मीच उरलेल्या सागवानी पट्टीची करून दिलेली. ती आणून दिली. मुलीनं कोपऱ्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “काटकोन आहे, काकू.” पंचवीस वर्षं फ्रेमा करते, पण असं कौतुक गिऱ्हाईकानं केलेलं आठवत नाही.

मोकळ्यावर चौकट पडली तेव्हा ती मोजत बसली ते उठेचना. एवढ्याशा जागेत गवतंच किती जातींची. तांबूस तुऱ्याचं, केसांसारखं बारीक, जमिनीला चिकटून पसरलेलं. मुंग्यांचं एक बीळ. मग झाडांखाली फेकली. आत वाळका पाला. दुसऱ्यांदा फेकली, पाला. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. हातच्या काकणाला आरसा कशाला.

सोमवारी माणसं लावली. तुमचं सोडून सगळी निघाली. साहेब बाजूला उभे राहून ‘सावकाश, सावकाश’ म्हणत होते, जणू झाडांना दुखत होतं.

गिऱ्हाईक आलंय. थांबते.

थोरली

१९ मार्च

जावईबापू,

आज दुपारी दुकानात दोन काचा फोडल्या. काच कापायचा हिरा नेहमीचा, पट्टी नेहमीची, हात मात्र ठिकाणावर नाही. तुम्ही दुसऱ्या पत्राला उत्तर दिलेलं नाही. मी सकाळपासून टपालवाल्याची वाट बघते आणि तो समोरच्या दवाखान्यात पत्रं टाकून सायकलवरून निघून जातो. मला खुर्चीत बसवत नाही. दुकानाला फेऱ्या घालते, पट्ट्या लांबीप्रमाणे लावते, पुन्हा रंगाप्रमाणे लावते. शेजारचा चावीवाला म्हणाला, ताई, पायाला भिंगरी लागली का.

काय झालं ते सांगते. काल मुलगी दुकानात आली. हातात मातीची पुडी. म्हणाली, “काकू, त्या शेवटच्या झाडाखालची माती ओली आहे. अख्खा माळ तडकलाय आणि तेवढीच ओली. कोणीतरी पाणी घालतंय.” साहेबही तिथंच होते, एक जुना फोटो घेऊन आले होते. ते लगेच म्हणाले की खाली झरा असेल, अशा ठिकाणी असतात. मुलीनं त्यांच्याकडे आदरानं बघितलं, पण तिचा विश्वास बसला नाही हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू. पाणी मी घालते. कॅन भरून रिक्षानं माळाच्या कडेपर्यंत नेते आणि पुढं खांद्यावर. तुम्ही गेल्यापासून घालते. शिष्यवृत्ती द्यायची गवतासाठी आणि पाणी घालायचं झाडाला, असा माझा कारभार. पण मला तिच्याजवळ बसायला दुसरी जागा कुठं आहे? घर तुम्ही विकलंत. तिच्या साड्या वाटल्यात. मी त्या झाडाखाली बसते, खोडाला पाठ लावते आणि तिला दुकानातल्या गमती सांगते. कोण नवऱ्याच्या फोटोला सगळ्यात स्वस्त पट्टी मागतं, कोण सासूच्या फोटोला जाड काच. ती हसते असं मला वाटतं. वाटू दे.

तर मी मुलीला सगळं सांगितलं. झाड कुणाचं, डबा कशाचा, पाणी कुणाचं. ऐकून झाल्यावर म्हणाली, “मग राहू दे ते, काकू. मी लिहीन की एक झाड राखलं. एवढ्यानं काही बिघडत नाही.”

इथं माझं डोकं फिरलं. याच मुलीनं मुलाखतीत आम्हा तिघांच्या तोंडावर सांगितलं होतं की एकच झाड पुरतं, एका फांदीवर बसून कावळा सगळा माळ हेरतो. आणि आता बिघडत नाही? का, तर शिष्यवृत्ती देणारी बाई समोर रडायच्या बेतात आहे म्हणून. धाकटीच्या नावानं पैसे घ्यायचे आणि धाकटीची बहीण बघून खोटं लिहायचं. मी तिला म्हटलं, “तू माझी कीव केलीस तर मी पुढच्या वर्षीपासून समितीतच बसणार नाही.” ती म्हणाली, “कीव नाही, काकू. मला माझी आजी आठवली.” मग मी आणखीनच चिडले आणि तिला चहा पाजला.

ऐका, जावईबापू. एप्रिलच्या मध्यापासून जमिनीवर अंडी घालणाऱ्या पाखरांचे दिवस सुरू होतात. मग माळावर कुणी पाय ठेवायचा नाही, हा धाकटीनंच घातलेला नियम. त्याआधी झाड निघालं तर यंदा चंडोल मधोमध उतरतील, आणि तेच तर मुलीला बघायचंय. नाही निघालं तर तिचं वर्ष वाया, आणि शिष्यवृत्ती एकाच वर्षाची असते. तुम्ही ‘खणू नका’ म्हणता. का, ते सांगत नाही. तुमची बायको होती, कबूल. पण तुमच्याआधी ती माझ्या कडेवर होती.

त्या दिवशी झाड लावून झाल्यावर मी तुम्हाला म्हणाले होते, ‘तुम्हाला साधं रडताही येत नाही.’ तुम्ही त्याचाच राग धरून बसला असाल तर धरा. मी ते मागे घेत नाही. सगळे रडत होते आणि तुम्ही त्या डब्याकडे असे बघत होतात जणू कुणीतरी दुसऱ्याचं सामान सांभाळायला दिलंय.

ठरवलंय मी. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात झाड मुळासकट काढायचं. डबा जपून बाहेर काढायचा आणि माळाच्या कडेला, कुंपणापाशी, पुन्हा पुरायचा, वर दगड ठेवून. खणायला मी स्वतः बसणार. तुम्हाला यायचं तर या. नाही तर ‘बरं’ म्हणा.

थोरली

७ एप्रिल

डब्यात खडे निघाले.

आज सकाळी खणलं. मुळं डब्याभोवती आवळलेली होती, मी खुरप्यानं एकेक सोडवलं, मुलगी माती भरत होती, बाई आणि साहेब कडेला उभे होते. डबा वर काढला, उराशी धरला आणि तो खुळखुळला. राख खुळखुळत नाही, जावईबापू. झाकण गंजलं होतं, साहेबांनी चाकूनं उचकटलं. आत कुजलेल्या रुमालाच्या चिंध्या आणि ओंजळभर खडे. माळावरचेच, तांबडे.

बाईंनी कानातलं यंत्र काढून हातात धरलं.

माझी बहीण कुठं आहे?

मी आज रात्री फोन करणार आहे. ‘हं’ म्हणालात तर याद राखा. हे पत्र फोननंतर पोचेल हे मला कळतंय, तरी लिहितेय, कारण आत्ता हातात कुदळ नाही तर निदान पेन हवं.

१५ एप्रिल

जावईबापू,

फोनवर मी निम्मा वेळ ओरडत होते आणि निम्मा वेळ गप्प होते. म्हणून आता सावकाशीनं लिहितेय. तुम्ही जे सांगितलंत ते मी पुन्हा एकदा माझ्या हातानं लिहून बघणार आहे. नीट ऐकलं का, ते कळेल.

तुम्ही ‘हं’ म्हणाला नाहीत. फोन उचलल्या उचलल्या विचारलंत, “उघडला का डबा?”

मग म्हणालात, राख तुम्ही त्याच सकाळी, आम्ही सगळे यायच्या आधी, एकट्यानं माळावर सोडली. तिनंच सांगितलं होतं, दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यात. उन्हं चढली की वारा उठतो, तेव्हा सोड, एका जागी टाकू नकोस, गवताला खत होईल, निदान एकदा तरी माझा माळाला उपयोग झाला असं बाईंना म्हणता येईल. हे अगदी तिचंच बोलणं. तुम्ही बनवून सांगितलं असतंत तर मला लगेच कळलं असतं.

आणि पुढचं. ते मी तुम्हाला फोनवर तीनदा सांगायला लावलं. ती म्हणाली होती, “ताईला मात्र काहीतरी दाखव. तिला मोकळ्या जागेत बसवत नाही. तिला चौकट लागते. एखादा दगड दाखव आणि सांग, इथं आहे म्हणून. खोटं सांगितलंस तरी चालेल. तिला कळू देऊ नकोस.”

म्हणजे तो डबा माझ्यासाठी होता. तुम्ही खडे रुमालात बांधून डब्यात घातलेत, वजन यावं म्हणून, एखाद्या मोठ्या दगडाशेजारी ठेवायला. आणि पुन्हा माळावर येऊन बघता तर आम्ही सगळे रोपं घेऊन उभे. “तुमच्या हातात कुदळ होती, ताई,” तुम्ही म्हणालात. “कुदळ घेतलेल्या तुम्हाला कोण सांगणार होतं?” हे मात्र खरं आहे. मलाही सांगायची हिंमत झाली नसती.

मी तेव्हाही तुम्हाला बोलले. म्हटलं, आठ वर्षं मला शेंडी लावलीत. कॅन वाहून खांदा गेला माझा. तुम्ही तिथं असता तर मी ते खडे एकेक करून तुम्हाला मारले असते. तुम्ही म्हणालात, म्हणूनच तर गेलो. दर रविवारी तुम्ही झाडापाशी बसून रडायचात आणि मी शेजारी खोटं धरून उभा राहायचो, किती दिवस राहणार.

आणि मग तुम्ही ते म्हणालात. “तुम्ही म्हणालात मला रडताही येत नाही. खड्यांसमोर कसं रडणार होतो, ताई?”

त्यानंतर तुमचा आवाज आला नाही, पण फोन ठेवलेला नव्हता. मला ऐकू येत होतं. मीही ठेवला नाही. आपण दोघंही नंतर बराच वेळ बोललो नाही, आणि ते ‘हं’ आणि ‘बरं’पेक्षा पुष्कळ बरं होतं. जे मागे घेत नाही म्हणाले होते ते आता घेते. लिहून घेते म्हणजे राहील.

झाड निघालं. खड्डा साहेबांनी माळाच्याच मातीनं बुजवला. त्यांच्या डोक्यात एक कल्पना आली, खोडाच्या पट्ट्या काढून यंदाच्या प्रमाणपत्राला फ्रेम करावी. सगळ्यांना फार आवडली. मी म्हटलं, लाकूड ओलं आहे, कोपरे उघडतील. आणि प्रत्येक गोष्टीची फ्रेम करायची नसते. हे मी म्हणाले. बाई माझ्याकडे बघतच राहिल्या.

खडे मी परत माळावर टाकले. एक ठेवलाय दुकानात, कागद उडू नयेत म्हणून.

काल माळ बंद व्हायच्या आधीचा शेवटचा दिवस होता. मी मुलीबरोबर गेले. सवयीनं पाय मधल्या झाडाकडे वळले आणि तिथं काहीच नाही. कुठं थांबावं तेच कळेना. इकडे गेले, तिकडे गेले, जेवणघरात चष्मा शोधावा तसं चाललं होतं माझं. फार भीती वाटली, खरं सांगते. झाडाखाली निदान ती कुठं आहे हे मला माहीत होतं. मुलगी लांब उभी होती. तिनं जवळ येऊन धाकटीची चौकट माझ्या हातात दिली फक्त.

मी पाठ फिरवली आणि डोक्यावरून मागं फेकली. वीस वर्षांची सागवानी पट्टी, गवतात पडली तरी आवाज झाला नाही. जिथं पडली तिथं जाऊन बसले. मांडी घालून, उघड्यावर, पाठीला काही नाही. आत तांबूस तुऱ्याचं गवत होतं, केसांसारखं बारीक दुसरंही होतं, आणि एक नाकतोडा होता, खराखुरा, जो बघता बघता उडून गेला. मी मुलीला विचारलं, यात माझी बहीण कितीशी असेल गं? तिनं खरंच विचार केला. म्हणाली, “थोडी तरी असणारच, काकू. सगळीकडे थोडी थोडी.”

मी धाकटीला दुकानातली गंमत सांगितली. मग उठून पुन्हा चौकट फेकली आणि दुसरीकडे जाऊन उरलेली सांगितली.

जावईबापू, पाखरांची पिल्लं उडाली की माळ पुन्हा उघडतो. तेव्हा या. जागा शोधायची गरज नाही, पाठ फिरवायची आणि चौकट टाकायची, मी शिकवीन. फक्त येताना टोपी आणा. सावली आम्ही काढून टाकली आहे.

तुमची ताई